शेवंताक्कांची गोगलगाय

ज्यांच्या घरात मी सात-आठ वर्षं भाड्यानं राहिले, त्या सरांना पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांबद्दल विशेष आस्था नव्हती. कुणी वाघ-हत्तींचं कौतुक करायला लागलं की ते जांभई द्यायचे. "मूठभर आहेत गं ते सगळे मिळून," म्हणायचे, "आणि गाजावाजा बघ केवढा! खरं जग बिनकण्याचं. गांडूळ, गोगलगाय, खेकडा, कोळी, झुरळ. हे आधी आले, पाण्यात, मातीत, झाडावर, जिथं जागा मिळेल तिथं पसरले, आणि मग फार उशिरा कुणाला तरी कणा सुचला." माणूस त्या उशिरा आलेल्यांतच मोडत असल्यामुळे माणसांच्या चुका ते फारशा मनावर घ्यायचे नाहीत. नवीन आहेत, शिकतील, असा एकूण भाव.

ते कोल्हापुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. मी मूळची मुरगूडची. सत्त्याण्णव साली महाद्वार रोडजवळच्या एका डीटीपीच्या दुकानात मला नोकरी लागली आणि खोली शोधत शोधत मी फुलेवाडीला त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. त्यांनी माझं आडनाव विचारलं नाही, पगार विचारला नाही, एकटी मुलगी कशी राहणार हेही विचारलं नाही. चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "झुरळाला भितेस?"

नाही म्हणावं तर खोटं, हो म्हणावं तर खोली जायची. शेवटी मी हो म्हणून टाकलं.

"मग राहा. न भिणारी माणसं चप्पल घेऊन मागं लागतात. भिणारी बाहेर पळतात. झुरळ वाचतं."

बाकीच्या अटी त्यांनी जिन्यावरच सांगितल्या. फिनेल वापरायचं नाही. पावसाळ्यात पायरीवर मीठ सांडायचं नाही. कोपऱ्यातलं जाळं काढायच्या आधी आत कुणी राहतंय का ते बघायचं. एवढ्यात आतून दणदणीत आवाज आला, "पोरगी उन्हातनं आलीया, तिला पाणी तरी द्या की आधी! कोळ्याचं मागनं सांगा!" त्या काकी. सरांचा आवाज जेवढा बारीक तेवढा काकींचा मोठा. त्या शिरोळच्या, नदीकाठच्या. तिकडं म्हणे एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात हाक मारायची सवय असते.

सरांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, चिमटा असायचा. पँटच्या दोन्ही खिशांत कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या प्लॅस्टिकच्या डब्या. गावातले फोटो स्टुडिओवाले त्या त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवायचे. झाकणाला सुईनं भोकं पाडून सर त्यांत काय वाटेल ते घेऊन यायचे आणि हात धुवायला म्हणून त्या स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर ठेवायचे. पाहुण्यांसाठी चहा करताना काकींनी एकदा वेलदोडे समजून एक डबी उघडली, तर आतून वाणी किडा निघाला. काकींनी तो चिमटीत धरून बाहेरच्या खोलीत नेला आणि पाहुण्यांच्या देखत सरांच्या तळहातावर ठेवला. "हे तुमचं. माझं वेलदोडं कुठं हाईत?" सरांनी वेलदोड्याचा विषय टाळून पाहुण्यांना किड्याचे पाय दाखवायला सुरुवात केली.

एका वर्षी पुढच्या दाराच्या कुलपाच्या भोकात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं. सरांनी पुढचं दार बंद ठेवलं. पोस्टमन, गॅसवाला, दूधवाला, सगळ्यांनी परसातून यायचं. दूधवाला एक दिवस वैतागून म्हणाला, "सर, दार मोडलंय काय वो?"

"न्हाई रे. आत बाळंतपण चाललंय."

तो बिचारा पुढं कितीतरी दिवस काकींकडं आदरानं बघत होता. त्यांचं वय साठीकडं झुकलेलं. काकींना हे कळलं तेव्हा त्या हसून हसून दाराच्या चौकटीला टेकल्या, आणि मग सरांना जे बोलल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही.

वर्गात सर कसे शिकवतात ते मी कधी बघितलं नाही, पण एकदा त्यांच्या सहलीबरोबर मालवणला गेले होते. मुलींबरोबर जाणाऱ्या मॅडम आजारी पडल्या, म्हणून काकी आणि मी. ओहोटीला पाणी मागं सरलं की खडकांत डबकी राहतात, त्यांत सर गुडघाभर उतरले होते. समुद्रफूल, तारामासा, शंखात बिऱ्हाड करून राहणारा खेकडा. प्रत्येकापाशी थांबून ओळखीच्या घरात डोकवावं तसं बोलत होते. त्यांचा एकच नियम होता. दगड उलटला की खाली जे दिसेल ते बघायचं, आणि दगड होता तसा पालथा ठेवायचा. खालची बाजू उन्हात राहिली की तिथलं सगळं वाळून मरतं. परतताना गाडी सुरू झाली आणि एक मुलगा शेजारणीला हळूच म्हणाला की आपला दगड तसाच राहिला. सरांनी ते ऐकलं. गाडी थांबवून ते उतरले आणि भरतीचं पाणी घोट्याला लागत असताना जाऊन तो दगड सुलटा करून आले. ड्रायव्हर चिडला होता. सरांनी त्याला सांगितलं, "तुमच्या घराचं छप्पर कोणी काढून ठेवलं आणि निघून गेला, तर चालेल का?" ड्रायव्हर म्हणाला, "माझं पत्र्याचंच हाय, सर, ते आपलं आपणच उडतंय." ह्यावर सरही हसले.

आता गोगलगाईचं सांगते. सरांची ओळख करून द्यायची तर तीच द्यावी लागेल.

गगनबावड्याच्या वाटेवर एका रानात सरांना एक गोगलगाय सापडली होती. वाटाण्याएवढी. शंखाच्या कडेला धार, आणि सगळ्या शंखावर बारीक बारीक केस. भिंगाखाली धरली की नुकत्याच जन्मलेल्या पोराच्या कपाळावर असते तशी लव दिसायची. अशी गोगलगाय त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्यांच्याकडच्या पुस्तकांतही नव्हती. मग दरवर्षी आषाढात, कॉलेज नीट सुरू व्हायच्या आधी, ते त्या रानात जायचे. पिंढऱ्यांना जळवा लावून, रक्ताच्या ओघळांनी भरलेली पँट घेऊन यायचे, आणि डब्यांतून चार-सहा केसाळ गोगलगाई आणून अल्कोहोलच्या बाटलीत ठेवायचे. कापून बघितल्या तेव्हा आतले जननाचे अवयव नीट वाढलेले दिसले नाहीत. सर म्हणाले, हंगाम यायचाय अजून. ह्या जातीचा हंगाम उशिराचा असणार.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी त्यांनी निबंध लिहायला घेतला. टायपिंगला मी. दुकान बंद झाल्यावर मालकाच्या परवानगीनं आम्ही बसायचो. लॅटिन नावं तिरक्या अक्षरांत, त्यांतलं पहिलं नाव मोठ्या अक्षरानं सुरू, दुसरं लहान. नवीन प्रजातीच्या जागी आल्यावर मी विचारलं, "इथं काय घालू?"

सर थोडे लाजले. मग एकेक अक्षर सांगत गेले. शेवंताए.

काकींचं नाव सुनीता. निदान गॅसच्या कार्डावर, घराच्या पाटीवर आणि सरांच्या तोंडी तरी तेच होतं. पण माहेरचं नाव शेवंता. लग्नात सरांच्या आईनं बदललं. मुलगा कॉलेजात शिकवणार, त्याच्या बायकोचं नाव शेवंता कसं चालेल, म्हणून ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि शेवंता संपली. अंगठी फिरवत होते ते सरच. आमच्याकडं अजूनही लिहितात, त्यात कुणाला काही वाटत नाही. सरांनाही तेव्हा वाटलं नव्हतं. "नंतर वाटायला लागलं," ते मला म्हणाले. "तिनं तक्रार केली नाही कधी. पण शिरोळहून कोणी आलं आणि अंगणातनं शेवंताक्का म्हणून हाक मारली की ती कशी पळत जाते, ते मी बघितलंय. माझ्याकडं देण्यासारखं हे एकच आहे गं. हे नाव एकदा लागलं की जगात कुठंही लावतील."

दुसऱ्या दिवशी छापलेला कागद काकींना दाखवला. त्यांनी चष्मा लावून नाव शोधलं.

"माझं नाव बारक्या अक्षरात का?"

"राजाचं असतं तरी बारकंच लिवतात," सर म्हणाले.

"आनि पुढं हे ए कशाला लावलाय?"

"शेवंताची, म्हणून."

काकींनी कागदाची घडी घालून ती ट्रंकेत ठेवली. त्या दिवशी त्यांचा आवाज बराच खाली होता. मला म्हणाल्या, "लई वर्सांनी लिवल्यालं बघितलं."

निबंध एका शास्त्रीय नियतकालिकाकडं पाठवला. तिकडच्या तपासणाऱ्यांनी मान्य केला, पुढच्या अंकात येणार असं पत्र आलं. निबंधासाठी फोटो काढायला सरांनी त्या आषाढात एक जिवंत गोगलगाय आणली होती. फोटो झाल्यावर तिला नेहमीसारखं अल्कोहोलमध्ये टाकायचं होतं, पण सरांचा हात होईना. "हिचं नाव आहे, बुडवू कसं?" म्हणाले. काकींनी ती लोणच्याच्या बरणीत ओली माती घालून खिडकीत ठेवली. काकडीची सालं, अंड्याचं चुरलेलं टरफल, कधी कोथिंबिरीची काडी. सरांनी सांगितलं की गोगलगाय एकाच अंगात नवराही असते आणि बायकोही. काकी बरणीकडं बघून म्हणाल्या, "म्हंजे हिला दोन्हीकडचं कळतंय. शाणी हाय."

सर मात्र त्या बरणीकडं फिरकले नाहीत. त्यांच्या दृष्टीनं काम झालं होतं.

नवरात्रात काकी शिरोळला भावाकडं गेल्या. जाताना सांगून गेल्या, "बाईला काकडी घाला." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कामावरून आले तर सर स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेले, पुढ्यात बरणी. मला वाटलं, मेली. जवळ गेले तर गोगलगाय चांगली सुपारीएवढी झाली होती आणि काचेवरून आरामात चालली होती. शंखावर एक केस नव्हता. कडेची धार गोल झाली होती. शंखाचं तोंड बाहेरच्या बाजूला जाड वळलं होतं.

"ओळखतेस?" सरांनी विचारलं.

ओळखली. पावसाळा सरताना आमच्या कुंपणाच्या मेंदीवर ह्याच बसलेल्या असायच्या. मी रोज चपला घालताना बघायची.

ते केस लहानपणीचे होते. वाढताना झडून जातात. सर दरवर्षी आषाढात जात होते आणि दरवर्षी त्यांना पिल्लंच सापडत होती. आतले अवयव वाढले नव्हते, कारण ती पोरं होती. "कुंपणातली पिल्लं मी कधी बघितलीच नाहीत," सर म्हणाले. "रोजच्या ओळखीच्याकडं कोण निरखून बघतं?" मग उठले. "पत्र टाईप करायचंय. निबंध मागं घेतो म्हणून."

मी भांडले. मी म्हटलं, सर, कुणाला कळणार आहे? अंक इथं कोण वाचतं? काकींना काय सांगणार? निवृत्तीला आलात, आता दुसरी कुठली शोधणार? सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "टाईप कर." मी केलं. करताना मला रडू येत होतं, आणि सरांचा रागही येत होता. एवढं खरं वागायची काही गरज नव्हती असं मला तेव्हा मनापासून वाटत होतं.

फोनवर सांगायला ते तयार नव्हते. सकाळच्या गाडीनं शिरोळला निघाले, बरणी फडक्यात बांधून मांडीवर. मला म्हणाले, "तू चल. टाईप तू केलंयस." खरं म्हणजे त्यांना एकट्याला जायचा धीर नव्हता.

शिरोळला उतरलो आणि समोरच चौकात डिजिटल बोर्ड. त्या वर्षांत आमच्याकडं कुणाच्या वाढदिवसाला, कुणाच्या बैलाला, कशालाही बोर्ड लागायचे. ह्याच्यावर मधोमध भलीमोठी गोगलगाय, बाजूला काकींचा तरुणपणीचा फोटो, आणि वर अक्षरं: शिरोळची लेक शेवंताक्का हिचे नाव जगाच्या शास्त्रात! हार्दिक अभिनंदन! खाली काळे चष्मे लावलेले काकींचे भाऊ आणि त्यांचे मित्र हात जोडून उभे. सरांनी जवळ जाऊन चित्र बघितलं.

"ही गोगलगाय ती नव्हेच," एवढंच म्हणाले.

अंगणात भाऊ पुढं आले. "या या पावणं! बोर्ड बघितला न्हवं? कारखान्याच्या रस्त्यालाबी एक लावतोय." शेजारचे पाच-सहाजण बाजेवर बसले होते. काकी चुलीपाशी भाकऱ्या करत होत्या, त्या पिठाच्या हातानं दारात आल्या. बरणी बघून खूश झाल्या. "बाईला आनलंसा व्हय!"

सरांनी बरणी बाजेवर ठेवली, फडकं सोडलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. केस, धार, आषाढ, कुंपण. ऊसवाल्या माणसांना कळेल अशा शब्दांत, एकही गोष्ट न लपवता. शेवटी म्हणाले, "चूक माझी हाय. हिची न्हाई, तुमची न्हाई. मी पोर बघितलं आनि निराळं बिऱ्हाड समजलो."

"म्हंजे ही नवी न्हाई?" भावानं विचारलं.

"न्हाई."

"मग अक्काचं नाव?"

"लागणार न्हाई. कालच पत्र पाठवलं."

मग काकींचा आवाज सुटला. "इतकी वर्सं त्या रानात जाताय! जळवा लावून येताय, रगताच्या पँटी मी धुतीया! कवातरी आषाढ सोडून दुसऱ्या म्हैन्यात जावं, येवढं सुचलं न्हाई? आनि आता बोर्ड लागल्यावर सांगाय आलायसा! मी उद्या ह्या चौकातनं कुठल्या तोंडानं जाऊ?"

सर मान खाली घालून ऐकत होते. काकी एवढ्या बोलल्या, पण त्यांची नजर बरणीवरून हलत नव्हती.

भाऊ मध्ये पडले. "पावणं, गप ऱ्हायचं की मग! छापून आल्यावर कोन केसं मोजाय बसतंय?"

"बसतंय," सर म्हणाले. "आज न्हाई, पन्नास वर्सांनी कुनीतरी बसंल. मग हिचं नाव खोडंल. खोडल्यालं नाव पुसून जात न्हाई, पावणं. पुस्तकात ऱ्हातंय, चूक म्हनून. शेवंता म्हंजे ती चुकलेली, असं. ते मला चालनार न्हाई."

इतक्या वर्षांत मी सरांना बोलताना अडखळलेलं पाहिलं नव्हतं. तिथं अडखळले. त्यांचा राग येत होता तो माझ्या मनातून त्या क्षणी गेला.

काकी बाजेपाशी आल्या, खाली वाकून बरणीत बघितलं. मग जरा खालच्या आवाजात विचारलं, "हिला आता काय म्हनायचं मग?"

"तिला नाव हाय की. इंग्रजाच्या वक्ताला कुनीतरी ठेवलंय."

"आनि तुमी निराळं ठेवलं असतं तर?"

"मागनं कुनी कितीबी नावं ठेवू दे, पयलं ठेवल्यालं तेच खरं. तसा कायदाच हाय आमच्यात."

काकी सरळ उभ्या राहिल्या. "असा कायदा हाय?"

"हाय."

"गोगलगाईला बी लागू?"

"मुंगीला सुदीक."

"मग तो घरात का न्हाई लावला?" काकींनी विचारलं. "माझं पयलं नाव काय हाय?"

बाजेवरची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. सरांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, पुन्हा वर केला. घरात ते त्यांना "अगं" म्हणायचे, चारचौघांत "सुनीता". मला शेवंता म्हणून सांगितलं होतं ते लॅटिन करून, आणि आता अंगणात बोलले ते भावाशी. काकींकडं बघून त्यांनी ते नाव कधी घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. तोंडी परीक्षेला उभ्या राहिलेल्या पोरासारखे ते उभे होते.

"शेवंता," ते म्हणाले.

"मोठ्यानं. चौकात ऐकू जाऊ दे."

सरांनी श्वास घेतला आणि त्यांच्या त्या बारीक आवाजाला झेपेल तेवढ्या मोठ्यानं हाक मारली, "शेवंता!"

"ओ," काकी म्हणाल्या. "हात धुवा आनि जेवाय बसा. भाकरी गार व्हाय लागलीया."